धुक्याला कड कुठे असते?

१. फाट्यावरची पहाट

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नांदेडहून हिंगोलीकडे निघालेली एसटी वारंगा फाट्यावर थांबली, की उतरणाऱ्याला आधी दिसतात ते दिवे. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरून येणाऱ्या ट्रकचे दोन पांढरे झोत धुक्यात लांबवर पसरलेले असतात. ट्रक मात्र अजून दिसत नसतो. मग हॉटेलातून खिचडीची ताटली येते. फाट्याच्या खिचडीचं नाव मराठवाडाभर आहे. पण आज चवीचं राहू द्या, तिच्यावरून उठणाऱ्या वाफेकडे बघा. ही वाफ नेमकी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते? बोट ठेवून दाखवता येईल?

सिनेमात असं धुकं, असा धूर दिसला की शेजारच्या खुर्चीतून हमखास प्रश्न येतो, ‘हे खरं असतं, की कॉम्प्युटरवर केलेलं?’ दुसरा प्रश्न दवाखान्यात ऐकू येतो. सीटी स्कॅनचं चित्र हातात धरून नातेवाईक विचारतात, ‘न कापता आतलं कसं काय दिसलं?’ एक प्रश्न करमणुकीचा, दुसरा काळजीचा. पण दोन्हींमागची कला एकच आहे. ज्या गोष्टीला स्वच्छ कड नाही, किंवा जिची कड आत दडलेली आहे, तिचं चित्र काढण्याची ही कला. पायरीपायरीने ती समजून घेऊ.

२. टरफल आणि गर

कॉम्प्युटरवर ताटली काढणं सोपं. तिचा पृष्ठभाग छोट्या छोट्या त्रिकोणांत वाटायचा, प्रत्येक त्रिकोणाला रंग द्यायचा आणि उजेड कुठून येतोय ते सांगायचं. मोबाइलवरच्या खेळातली गाडी, इमारत, माणूस, सगळं बहुधा असंच बनतं. म्हणजे ही चित्रं साच्यातून काढलेल्या गणपतीसारखी असतात. बाहेरून रेखीव, आत पोकळ. कॉम्प्युटर फक्त टरफल काढतो, गराशी त्याला देणंघेणं नसतं.

वाफेची पंचाईत अशी, की तिला टरफलच नाही. ती म्हणजे नुसता गर. म्हणून इथे प्रश्नच बदलावा लागतो. ‘वस्तूची कड कुठे आहे?’ असं न विचारता जागेच्या प्रत्येक कणाला विचारायचं, ‘तुझ्याकडे किती?’ किती वाफ, किती धूर, किती घट्टपणा. या उत्तरांच्या ढिगाला आपण भरीव माहिती म्हणू.

ती साठवायची कशी? बर्फीसारखी. समजा, २० सेंटिमीटर लांब, तितक्याच रुंद चौकोनी ट्रेमध्ये ४ सेंटिमीटर जाडीचा खिचडीचा थर आहे. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे तुकडे पाडले तर २०० गुणिले २०० गुणिले ४०, म्हणजे १६ लाख तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर एक आकडा लिहायचा. सपाट चित्राच्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, तसं या घन तुकड्याला व्हॉक्सेल म्हणतात. अजून बारकावा हवा म्हणून बाजू अर्धा मिलिमीटर केली, तर तुकडे दुप्पट नाही, आठपट होतात: १ कोटी २८ लाख. भरीव माहितीचा सगळा डोलारा आणि सगळी डोकेदुखी या आठपटीत आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने एका मृत पुरुषाचं शरीर गोठवून एकेक मिलिमीटरचे १,८७१ छेद घेतले, प्रत्येकाचा फोटो काढला आणि ही माहिती जगाला खुली केली. संबंध माणसाची बर्फी! पण जिवंत माणसाचे असे काप काढता येत नाहीत. मग?

३. न उघडता डबा मोजणं

एक कोडं सोडवू. चार बंद डबे दोन ओळींत ठेवले आहेत: वरच्या ओळीत अ आणि ब, खाली क आणि ड. प्रत्येकात काही शेंगदाणे आहेत. डबा उघडायचा नाही. मात्र एका सरळ रेषेत येणाऱ्या डब्यांची बेरीज तुम्हाला कळते. आडव्या बेरजा आहेत ४ आणि ६. उभ्या बेरजा ५ आणि ५.

आता आत काय आहे, सांगा. अ=३, ब=१, क=२, ड=४ हे जमतं. पण अ=२, ब=२, क=३, ड=३ हेही जमतं! दोन बाजूंनी बघून भागत नाही. मग तिरकं बघा: अ आणि ड मिळून ७, ब आणि क मिळून ३. आता दुसरं उत्तर बाद झालं. अ+ब आणि अ+क यांची बेरीज ९. तिच्यातून ब+क चे ३ वजा केले की उरतात ६, म्हणजे दोन अ. म्हणून अ तीनच.

सीटी स्कॅन म्हणजे हेच कोडं, फक्त लाखो डब्यांचं. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना वाटेत किती अडला, ही झाली एका रेषेवरची बेरीज. यंत्र माणसाभोवती फिरून शेकडो कोनांतून अशा बेरजा घेतं आणि कॉम्प्युटर उलटा हिशेब करून प्रत्येक तुकड्याचा आकडा काढतो. इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी असं यंत्र बांधलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात त्यावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. त्या चित्रात ८० गुणिले ८०, म्हणजे अवघे ६,४०० ठिपके होते. गणिती बाजू आधीच मांडणाऱ्या ॲलन कॉर्मॅक यांच्यासह हाउन्सफील्डना १९७९ चं नोबेल मिळालं.

तुकड्यांवरच्या आकड्यांची मोजपट्टीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यावर पाणी शून्यावर आणि हवा उणे १,००० वर. चरबी उणे शंभरच्या आसपास, स्नायू अधिक पन्नासच्या जवळ, घट्ट हाड कित्येक शे ते हजारापलीकडे. लक्षात घ्या, यंत्राला यकृत, हाड, गाठ असं काही ठाऊक नाही. त्याला फक्त ‘इथे किती’ एवढंच कळतं.

हीच युक्ती जमिनीलाही लागू पडते. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली, नांदेड, परभणी या भागाला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो अनेकांना आठवत असेल. अशा धक्क्याच्या लाटा वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांपर्यंत किती वेळात पोचल्या, यावरून शास्त्रज्ञ वाटेतला खडक कठीण की मऊ याचा उलटा हिशेब मांडतात. जमिनीचा सीटी स्कॅनच म्हणा ना. किरणाच्या जागी लाट, अडण्याच्या जागी उशीर.

४. किरण काय गोळा करून आणतो

आकडे हाती आले. आता कोट्यवधी आकड्यांचं एक चित्र कसं करायचं? पुन्हा फाट्यावर येऊ.

समजा, धुक्याचा दर ५० मीटरचा थर समोरून येणाऱ्या उजेडाचा पाचवा हिस्सा खातो. दिव्यातून १०० भाग उजेड निघाला, तर पहिल्या थरानंतर ८० उरतो. दुसरा थर २० खात नाही. तो उरलेल्याचा पाचवा हिस्सा खातो, म्हणजे १६. उरले ६४. मग ५१, मग ४१. अर्ध्या किलोमीटरवर, दहा थरांनंतर, जेमतेम ११ भाग शिल्लक राहतात. व्याजावर व्याज चढतं, तसा हा तुटीवर तूट देणारा हिशेब. फ्रान्सच्या पिएर बुगे यांनी तो १७२९ मध्येच मांडला होता.

पण धुकं उजेड नुसता खात नाही, उडवतंही. झोतातला काही उजेड थेंबांवर आपटून बाजूला फेकला जातो आणि तुमच्या डोळ्यांत येतो. म्हणून तर ट्रक दिसण्याआधी झोत दिसतो. हवा अगदी स्वच्छ असती, तर बाजूने पाहणाऱ्याला झोत दिसलाच नसता.

कॉम्प्युटर हे काम उलट्या दिशेने करतो. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यातून तो एक काल्पनिक किरण आत सोडतो. किरण ठरावीक पावलं टाकत जातो आणि प्रत्येक पावलाला विचारतो, ‘इथे किती?’ समजा, खिचडीवर वाफेचे दोन थर आहेत आणि मागे लाल मिरचीचा तुकडा. पहिला, विरळ थर शंभरातले २० भाग झाकतो. त्याचा पांढरा रंग २० भाग जमा झाला. उरले ८०. दुसरा, दाट थर उरलेल्याचा अर्धा, म्हणजे ४० भाग झाकतो. उरले ४०, ते मिरचीला मिळाले. म्हणजे ठिपक्यात ६० भाग पांढरा आणि ४० भाग लाल. मिरची फिकी गुलाबी दिसणार. शंभर भाग भरले की किरण थांबतो, कारण पुढे काहीही असलं तरी ते दिसणार नाही. सासूबाईंनी ताट भरलं की पुढचं वाढप थांबतं, तसं.

एक काम राहिलं. प्रत्येक पावलाला असंही विचारायचं, की दिव्याचा किती उजेड इथपर्यंत पोचला? पावसाळी ढगाचं पोट काळं दिसतं ते याच कारणाने: वरच्या थेंबांनी बराचसा उजेड आधीच परत पाठवलेला असतो. १९८२ मध्ये जिम ब्लिन यांनी शनीच्या कड्यांची चित्रं करताना ढग आणि धुळीचा हा हिशेब कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये आणला. दोन वर्षांनी जेम्स कजिया आणि ब्रायन व्हॉन हर्झन यांनी किरण भरीव माहितीतून कसा न्यायचा, ते दाखवलं. आजच्या सिनेमातला धूर त्याच वाटेने येतो.

५. कुणाला दाखवायचं, कुणाला लपवायचं

आता सर्वांत नाजूक पायरी. आकडा आहे अधिक पन्नास. त्याला रंग कोणता द्यायचा? त्याला पारदर्शक करायचं की अपारदर्शक? हे निसर्ग सांगत नाही, माणूस ठरवतो.

एक पद्धत धरणाच्या काठाची. पैनगंगेवरच्या इसापूर धरणात पाणी चढलं की काठाची रेषा बदलते. जमीन तीच असते. पातळी ठरवली, की काठ आपोआप ठरतो. भरीव माहितीतही तसंच: ‘३०० आकडा जिथे जिथे येतो तिथे काठ’ असं सांगायचं, की हाडाचं टरफल हाती येतं. १९८७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी यासाठी सुटसुटीत युक्ती दिली. घनाला कोपरे आठ. प्रत्येक कोपरा पाण्यात तरी असतो, नाहीतर बाहेर. म्हणजे एकूण शक्यता २५६. फिरवून-उलटवून सारख्या दिसणाऱ्या एकत्र केल्या की नमुने उरतात फक्त १५. ते एकदा लिहून ठेवले, की कॉम्प्युटर एकेक घन तपासत त्रिकोण जोडत जातो.

पण काठ हा शेवटी आपणच ठरवलेला. पातळी जरा चुकली, तर डोळ्याच्या खोबणीतल्या कागदासारख्या पातळ हाडाला चित्रात भोक पडतं. प्रत्यक्षात तिथे हाड शाबूत असतं! म्हणून तज्ज्ञ डॉक्टर देखण्या त्रिमिती चित्रावर विसंबत नाहीत. एकेक काप स्वतंत्र बघतात.

दुसरी पद्धत काठ न ठरवण्याची. १९८८ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात मार्क लेव्हॉय यांनी, आणि त्याच वर्षी पिक्सारच्या तिघांनी, प्रत्येक आकड्याला थोडा रंग आणि थोडी पारदर्शकता द्यायचा मार्ग दाखवला. चरबी जवळजवळ काच, स्नायू विरळ लाल, हाड पांढरं. बटण फिरवलं की त्याच आकड्यांतून त्वचा विरते, मागचं हाड वर येतं. पुढे कार्टून सिनेमांसाठी गाजलेल्या पिक्सारने सुरुवातीला आपला खास कॉम्प्युटर दवाखान्यांना विकायचा प्रयत्न केला होता, हे आज गमतीचं वाटतं. पण दोन्हीकडचं काम एकच होतं.

६. नसलेला ढग घडवणं

सीटी स्कॅनमध्ये आकडे मोजून मिळतात. सिनेमातला ढग मात्र मुळात नसतोच. त्याचे आकडे कुठून आणायचे?

शेताकडे बघा. लांबून दिसतो तो उंचसखल माळ. जवळ गेलं की त्याच्यावर बांध, सऱ्या. आणखी जवळ गेलं की ढेकळं आणि ढेकळांवर खडे. मोठ्या चढउतारावर लहान, लहानावर त्याहून लहान. केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये हीच गोष्ट गणितात बसवली: सावकाश बदलणाऱ्या यादृच्छिक आकड्यांचे थर एकावर एक रचायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बारीक आणि कमी उंचीचा. यातून ढग, संगमरवर, धूर, सगळं निघालं. या युक्तीसाठी त्यांना पुढे ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. धूर हलवायचा असेल, तर हवेच्या प्रवाहाची समीकरणं सोडवावी लागतात. १९९९ मध्ये योस स्टॅम यांनी त्यांची अशी सोपी रीत दिली, की हिशेब मध्येच भडकून उधळत नाही.

मग पुन्हा ती आठपट आडवी येते. मैलभर आकाशाचे मिलिमीटरचे तुकडे कोण साठवणार? पण आकाश बहुतेक रिकामंच असतं. पोस्टाच्या पत्त्याचं बघा: जिल्हा, तालुका, गाव, घर. एखाद्या तालुक्यात ढगच नसेल, तर त्यातली गावं आणि घरं लिहायची गरज काय? ‘अख्खा तालुका ओस’ अशी एक नोंद पुरे. ड्रीमवर्क्स स्टुडिओत केन म्युसेथ यांनी याच धर्तीची साठवण उभारली आणि २०१२ मध्ये ती ‘ओपनव्हीडीबी’ नावाने सर्वांना खुली झाली. आज सिनेमातले स्फोट आणि वादळं बव्हंशी याच वहीत लिहिली जातात.

७. नाशिकचा मुलगा आणि प्रकाशाची चाल

आतापर्यंत आपला किरण काल्पनिक होता. खरा किरण धुक्यातून, पाण्यातून जाताना कुणी पाहिलाय?

नाशिकमध्ये वाढलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी तेही दाखवलं. लेव्हॉय ज्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात शिकले, तिथेच रासकरांनी पीएचडी केली आणि पुढे ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले. २०११ मध्ये त्यांच्या गटाने सेकंदाला एक लाख कोटी चित्रांच्या वेगाने प्रकाशाची चाल टिपली. त्यांच्या चित्रफितीत कोल्ड्रिंकच्या बाटलीतून उजेडाचा एक ठिपका बंदुकीच्या गोळीसारखा सरकताना दिसतो. एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत प्रकाश मिलिमीटरभरही पुढे गेलेला नसतो. अर्थात हे एका दमात टिपलेलं नाही. तोच झटका पुन्हा पुन्हा सोडून, एकेक रेघ गोळा करून चित्रफीत जुळवली आहे.

२०१२ मध्ये याच गटाने भिंतीआडची वस्तू ओळखून दाखवली. उजेडाचा झटका समोरच्या भिंतीवर मारायचा. तो तिथून उडून आडोशामागच्या वस्तूवर जाणार, परत भिंतीवर येणार आणि मग कॅमेऱ्यात. प्रत्येक कणाला किती वेळ लागला, ते मोजायचं आणि मग उलटा हिशेब. वाचकाला शेंगदाण्याचे डबे आठवले असतील, तर बरोबरच आहे.

८. भिंतीवरच्या गोवऱ्या

अलीकडे या विद्येला नवं वळण लागलं. एखाद्या देवळाचे मोबाइलवर चहूबाजूंनी फोटो काढले, तर त्यांतून भरीव माहिती काढता येईल का? २०२० मध्ये बेन मिल्डनहॉल आणि सहकाऱ्यांनी ‘नर्फ’ ही पद्धत मांडली. तिच्यात तुकड्यांची वहीच नाही. ‘या जागी, या दिशेने बघता किती आणि कोणता रंग?’ याचं उत्तर द्यायला कॉम्प्युटरला शिकवलं जातं. तो अंदाज करतो, किरण सोडून चित्र काढतो, खऱ्या फोटोशी ताडून बघतो, चूक सुधारतो. असं हजारो वेळा.

हे काम संथ होतं. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांच्या गटाने जुनी युक्ती नव्याने वापरली: किरणाने एकेक पाऊल टाकण्याऐवजी, जागेतले धूसर लंबगोल ठिपके थेट पडद्यावर थापायचे. भिंतीवर गोवऱ्या थापतात तसे, एकावर एक चढणारे. फक्त या गोवऱ्या पारदर्शक आणि कडेला विरत जाणाऱ्या. लाखो गोवऱ्या क्षणात थापल्या जातात आणि देऊळ उभं राहतं. इथेही कड कुठेच नाही, नुसतं ‘किती’ आहे.

९. हळद वाळत घातली आहे

शेवटचं उदाहरण हिंगोली-वसमतच्या हळदवाल्यांचं. उन्हाळ्याच्या तोंडी हळद शिजवून मोकळ्यावर वाळत घातलेली असते आणि आभाळ भरून येतं. मोबाइलवर हवामान खात्याच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडलं, तर गावाच्या दिशेला लाल डाग. हळद गोळा करायची का?

रडार अँटेना फिरवत, प्रत्येक फेरीला कोन थोडा उचलत, आभाळाची भरीव माहिती गोळा करतं. ‘मॅक्स झेड’ नावाचं जे चित्र आपण बघतो, त्यात वरून खाली एक किरण सोडलेला असतो. पण हा किरण बेरीज करत नाही. वाटेतला सर्वांत मोठा आकडा तेवढा उचलतो, बाकीचे टाकून देतो. म्हणजे लाल डाग जमिनीजवळच्या मुसळधार पावसाचा असू शकतो, तसाच आठ किलोमीटर उंचीवरच्या गारांचाही. शिवाय पृथ्वी गोल असल्यामुळे रडार २०० किलोमीटर दूर असेल, तर अर्ध्या अंशावर सोडलेला त्याचा किरण आपल्या डोक्यावरून सुमारे ४ किलोमीटर उंचावरून जातो. त्याखाली काय चाललंय, ते त्याला दिसतच नाही.

म्हणून त्या चित्राच्या वर आणि उजवीकडे ज्या दोन अरुंद पट्ट्या असतात, त्या जरूर बघा. तिथे तोच ढग बाजूने दाखवलेला असतो, उंचीसकट. लाल रंग पट्टीत खालपर्यंत उतरलेला असेल, तर वाट बघू नका, ताडपत्र्या बाहेर काढा.